परक्याच्या हातची कळ

विद्यानगरात आमच्या निवासामागे जी गल्ली आहे, तिच्या टोकास पत्र्याची एक शेड आहे. दिवसा तेथे मोटारींची डागडुजी चालते. रात्री नऊच्या पुढे गिऱ्हाइकांच्या गाड्या बाहेर निघाल्या की कोपऱ्यातील एक जुनी मारुती ८०० मध्यभागी ढकलून आणली जाते, आणि मग मध्यरात्रीपर्यंत हातोडी, ग्राइंडर व इंजिन यांचा असा काही गजर चालतो की वाचन आणि झोप यांपैकी काहीच साधत नाही. मी तेथे प्रथम गेलो तो तक्रार करावयास. परत आलो तो साडेअकरास, हातांना ग्रीस लागलेले, आणि तक्रार करावयाची राहून गेलेली.

ती गाडी शर्यतीची होती. मागचे आसन नाही, गालिचा नाही, दारांच्या आतले आस्तर नाही. आत लोखंडी नळ्यांचा पिंजरा जोडलेला, आणि चालकाच्या एकमेव आसनावर दोन्ही खांद्यांवरून व कमरेवरून येणारे रुंद पट्टे. मंडळी तिघे : शेडच्या मालकाचा मुलगा, आय.टी.आय.मध्ये वायरमनचे काम शिकलेला त्याचा मित्र, आणि बँकेत कारकुनी करणारा तिसरा, जो शर्यतीत गाडी चालविणार होता. तिघांचे पगार व उसनवारी मिळून ही गाडी उभी राहत होती. ज्या गाडीने १९८३ पासून २०१४ पर्यंत आपल्यापैकी कित्येकांच्या दारी पहिली मोटार आणली, तिचे ते ७९६ घनसेंटिमीटरचे, तीन सिलिंडरांचे इंजिन शर्यतीस लावावयाचे हा विचार मला प्रथम हास्यास्पद वाटला. परंतु यात नवे काही नाही. कोइमतूरच्या एस. करिवर्धन यांनी याच इंजिनावर एकआसनी गाड्या बांधल्या व हौशी तरुणांना शर्यतीचे दार उघडून दिले. त्याही आधी मद्रासजवळ शोलावरम येथे युद्धकाळातील पडीक धावपट्टीवर शर्यती होत असत. आज करिवर्धन यांच्याच नावाचा, दोन किलोमीटरांहून थोडा अधिक लांबीचा शर्यतमार्ग कोइमतूरजवळ आहे, आणि आमच्या गल्लीतील मारुतीस तेथेच जावयाचे होते.

मला त्यांनी थांबवून घेतले ते एका स्विचसाठी. माझे वडील हुबळीच्या रेल्वे वर्कशॉपात डब्यांच्या दिव्यांचे काम करीत, ही गोष्ट शेडच्या मालकास ठाऊक होती. मुलगा म्हणाला, “फादर, तुम्हांला वायरिंग समजते म्हणे. एकदा बघा तरी.” वायरिंग समजते असे म्हणणे धाडसाचे होईल. सेमिनरीत मी तत्त्वज्ञान शिकलो. पण त्याआधीच्या सुट्यांत वडिलांच्या पिशवीतील टेस्ट लॅम्प हाती धरून बरेच काही शिकलो होतो.

शर्यतीच्या गाडीस बॅटरी तोडणारी एक मुख्य कळ असावी लागते. आंतरराष्ट्रीय महासंघाच्या नियमांत तिचे वर्णन थोडक्यात पण मोठे नेमके आहे. तिने बॅटरी, अल्टरनेटर, दिवे, भोंगा, इग्निशन, सारे परिपथ तुटले पाहिजेत व इंजिनही थांबले पाहिजे. ती ठिणगी न पाडणारी असावी. आणि ती आतून व बाहेरून, दोन्हीकडून हाती लागावी. बंद टपाच्या गाडीस बाहेरची कळ समोरच्या काचेच्या खांबाच्या पायथ्याशी असते, आणि तेथे पांढऱ्या कडेच्या निळ्या त्रिकोणात तांबडी वीज काढलेली असते. त्या त्रिकोणाचा पाया किमान १२ सेंटिमीटर असावा लागतो.

हे नियम वाचताना मला एक रात्र आठवली. पुष्कळ वर्षांपूर्वीची गोष्ट. धारवाडहून परतताना पुणे-बंगळूर महामार्गाच्या बाह्यवळणावर एक व्हॅन उलटलेली दिसली. आत एक गृहस्थ अडकलेले होते, शुद्धीवर होते व पाण्याची विनवणी करीत होते. आम्ही दहा-बारा माणसे भोवती जमलो. पेट्रोलचा वास स्पष्ट येत होता. कोठून तरी ते ठिबकत होते. एक दिवा तसाच जळत होता, आणि वळण दाखविणारा दिवा उलट्या गाडीत टिक् टिक् असा चालूच होता. कोणी तरी ओरडले, “बॅटरी काढा!” मग सगळेच ओरडू लागले, “बॅटरी काढा, बॅटरी काढा!” आणि त्या गाडीत बॅटरी कोठे असते हे आम्हांपैकी एकासही माहीत नव्हते. मीही ओरडणाऱ्यांपैकीच एक. शेवटी एका ट्रकचा क्लीनर आला. वय सतरा-अठरा असेल. दहा नंबरचा पाना तोंडात धरून तो आत शिरला, चाचपडत बॅटरी शोधली व आधी ऋण टोकाची तार सैल केली. आधी ऋण का, हे मला वडिलांमुळे ठाऊक होते : धन टोकावर पाना असताना तो गाडीच्या लोखंडास टेकला तर तेथेच ठिणगी पडते, ऋण टोक आधी सुटले की ती भीती उरत नाही. त्या मुलास हे कोणी शिकविले असेल कोण जाणे. टिक् टिक् थांबली. गृहस्थ वाचले. मुलगा ट्रकमध्ये बसून निघूनही गेला, आणि त्याचे नाव विचारावयाचे कोणासच सुचले नाही.

तेव्हा शेडमध्ये मला ती कळ दाखविण्यात आली तेव्हा माझे मन निव्वळ कुतूहलाचे नव्हते.

त्यांनी लावलेला स्विच ट्रकवर असतो तसा होता : दोन जाड बोल्ट आणि वर तांबडी चावी. बॅटरीच्या धन टोकाची जाड केबल एका बोल्टास, आणि दुसऱ्या बोल्टापासून पुढे सेल्फकडे व साऱ्या गाडीकडे. काम नीटनेटके होते. वायरमन मुलाने दिवे लावले, चावी फिरविली, दिवे गेले. पुन्हा फिरविली, दिवे आले. तिघांनी माझ्याकडे पाहिले.

मी म्हणालो, “आता इंजिन चालू करून फिरव.”

इंजिन चालू केले. त्याने चावी फिरविली, उपसून हातातही घेतली. इंजिन त्याच लयीत चालत राहिले. तो चावीकडे पाहत राहिला आणि गाडी गुरगुरत राहिली. क्षणभराने डॅशबोर्डवरील एक बारीक दिवा डोळे दिपतील इतका पांढरा झाला व विझला. बँकेतील मुलाने धावत जाऊन इग्निशनची किल्ली बंद केली, तेव्हा कोठे शांतता झाली. दुसऱ्या दिवशी अल्टरनेटर उघडला तो आतील डायोड गेलेले निघाले.

आमचे तर्कशास्त्राचे प्राध्यापक असते तर त्यांनी येथे थांबून एक तासाचे व्याख्यान दिले असते. इंजिन बंद असता दिवे विझले, एवढ्यावरून गाडी निर्जीव झाली असा निष्कर्ष काढता येत नाही, कारण मोटारीत विजेच्या विहिरी दोन आहेत. वडिलांचा हा शब्द. रेल्वेच्या डब्याखाली बॅटऱ्यांची पेटी असते आणि चाकाच्या आसावरून पट्ट्याने फिरणारे वीज करणारे यंत्र असते. गाडी उभी असता पहिली विहीर, धावती असता दुसरी. मोटारीतही तेच. इंजिन सुरू करण्यापुरती बॅटरी लागते. एकदा ते फिरू लागले की पट्ट्यावर अल्टरनेटर फिरतो, इग्निशन कॉइलला तोच वीज देतो, त्यावर प्लग पेटतात, त्यावर इंजिन फिरते आणि इंजिनावर पुन्हा अल्टरनेटर. या चक्रात बॅटरीची गरज उरत नाही. बॅटरी तोडली की चक्र तुटत नाही; उलट त्यावरचा लगामच जातो. बॅटरी ही वीज सांभाळून घेणारी मोठी टाकी आहे. ती एकाएकी दूर केली की अल्टरनेटरला आपला जोर तत्क्षणी आवरता येत नाही, व्होल्टेज एकदम कित्येक पटींनी उसळते, आणि मग सर्वांत दुबळा दिवा आधी जातो व त्यामागून डायोड.

अल्टरनेटरचा खर्च तिघांना जड गेला. वायरमन मुलगा दोन दिवस शेडकडे फिरकला नाही. मला मात्र वाटले की हे शेडमध्ये झाले हे बरे. नुसता स्विच नसता तर निदान सर्वांस ठाऊक असते की स्विच नाही. येथे स्विच होता, चावी तांबडी होती, आणि कोणी धावत येऊन ती फिरविली असती तर आता भीती नाही असे समजून त्याने आत हात घातला असता.

यावर उपाय आहे व तो फार जुना आहे. शर्यतीसाठी सहा टोकांचा स्विच मिळतो. दोन जाड बोल्ट नेहमीप्रमाणे मुख्य प्रवाहास. त्याखेरीज बारीक टोकांच्या दोन जोड्या. पहिली जोडी मुख्य कळीबरोबरच तुटते. इग्निशन कॉइलची तार मध्ये कापून तिच्यातून न्यावयाची, म्हणजे बॅटरी तुटताच प्लगही विझतात व इंजिन थांबते. दुसरी जोडी उलट स्वभावाची : मुख्य कळ तुटली की ती जुळते. तिच्यातून तीन ओहमचा, अकरा वॅटचा एक रोधक अल्टरनेटरच्या बाजूस व चेसिसला जोडतात. इंजिन थांबता थांबता जे दोनचार फेरे घेते तेवढ्यात अल्टरनेटरने केलेली वीज या रोधकातून खाली उतरून जाते, डायोडांवर चढत नाही.

सहा टोकांचा स्विच हुबळीत मिळेना. बाहेरगावाहून मागवावा लागला. वायरमन मुलगा परत आला व त्याने एका रात्रीत सारे जोडले. या वेळी इंजिन चालू ठेवून त्याने स्वतःच चावी फिरविली. इंजिन थांबले. आनंदाचा जो आरडाओरडा झाला त्याने शेजारच्या घराची खिडकी उघडली. चहा मागविण्यात आला. चहा संपत आला असेल नसेल तोच जळका वास येऊ लागला.

बॉनेटखाली तो रोधक इतका तापला होता की लगतची टेप वितळून गळत होती. वडिलांचा टेस्ट लॅम्प मी त्या दिवशी बरोबर नेला होता; तो लावून पाहिले. मुलाने रोधकाचे टोक मुख्य स्विचच्या ज्या बोल्टास लावले होते तो अल्टरनेटरकडचा नव्हता, बॅटरीकडचा होता. दोन बोल्ट दिसावयास सारखे. चूक सहज होण्यासारखी. पण परिणाम पाहा. कळ बंद केली की रोधक थेट बॅटरीवर. बारा व्होल्ट, तीन ओहम : चार अँपिअर. चार गुणिले बारा, अठ्ठेचाळीस वॅट, आणि रोधक अकरा वॅटचा. गाडी ‘बंद’ करून मंडळी घरी गेली असती तर पेट्रोलच्या नळीपासून वीतभर अंतरावर रात्रभर एक निखारा राहिला असता. मी काही बोललो नाही. मुलाने नवा रोधक आणला, टोक बदलले, दोन्ही बोल्टांवर वेगवेगळ्या रंगांच्या नळ्या चढविल्या आणि त्या रात्री कोणीही चहा मागविला नाही.

बाकीच्या कामाविषयी थोडक्यात सांगतो. बॅटरी त्यांनी वजनाच्या हिशेबाने मागे हलविली होती, म्हणून केबल चारेक मीटर लांब झाली. सेल्फ शंभर अँपिअर ओढतो असे धरले तर दहा चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेत पाऊण व्होल्टाच्या आसपास वाटेतच खर्च होतो. पंचवीसच्या तारेत पाव व्होल्टाहून थोडा अधिक. पंचवीसची घेतली. पत्र्यातून केबल जेथे आरपार जाते तेथे रबरी बूच बसविले, कारण स्विचच्या अलीकडची केबल घासून उघडी पडली तर पुढचा स्विच कितीही उत्तम असो, तिला तोडणारा कोणी नाही. याच कारणास्तव स्विच बॅटरीच्या जितका जवळ तितका बरा. केबलच्या टोकांचे लग हातोडीने ठोकलेले होते, ते काढून यंत्राने दाबून घेतले. हे सारे दोन रात्रींत आटोपले.

खरा वाद झाला तो जागेवरून. आतली कळ त्यांनी डाव्या हातास डॅशबोर्डाखाली लावली होती. चालक मुलास मी आसनावर बसविले, सर्व पट्टे शर्यतीत आवळतात तसे आवळविले आणि म्हणालो, “आता बंद कर.” बोटे चार अंगुळे अलीकडे राहिली. पट्टा सैल करून पोहोचता येते, असे तो म्हणू लागला. मग आपले आपणच समजून गप्प बसला. कळ मध्यभागी आणली. बाहेरच्या खेचण्यासाठी मोटारसायकलच्या चोकची केबल घेतली, तिचे कडे काचेच्या खांबाच्या पायथ्याशी बसविले, आणि निळा त्रिकोण चिकटविला.

मला एवढ्याने समाधान होईना. गल्लीच्या तोंडाशी चहाची गाडी आहे. तेथील पोरास बोलाविले. बारा-तेरा वर्षांचा, शाळेतून आल्यावर काकास मदत करणारा. चालकास आत पट्ट्यांत बसविले, इंजिन चालू केले व पोरास कानडीतून सांगितले, “आतला माणूस बोलू शकत नाही असे समज. गाडी बाहेरून बंद कर.” पोराने दार ओढले, ते आतून अडकविलेले. बॉनेट उचलू पाहिले. त्याच्या खिट्ट्या त्यास समजेनात. एक प्रदक्षिणा झाली, दुसरी झाली. आम्ही घड्याळ पाहत होतो. अर्धा मिनिट गेला आणि पोर रडकुंडीस आले. त्रिकोण त्यास दिसला का नाही? मी वाकून पाहिले. ज्या टायरच्या दुकानदाराने या मंडळींस दोन टायर निम्म्या किमतीत दिले होते, त्याचा भलामोठा तांबडा-पिवळा स्टिकर त्याच पत्र्यावर लावला होता. त्याच्या रंगांत त्रिकोण बुडाला होता व त्याचा एक कोपरा स्टिकरखाली गेला होता.

स्टिकर हलविण्यास चालक मुलगा राजी नव्हता. दुकानदारास शब्द दिलेला. फोटोत ती बाजू येते. तो म्हणाला, “फादर, तिथे शिकलेले मार्शल असतात. त्यांना कळ कुठे असते ते पाठ असते. चहावाल्या पोराला बंद करता आली नाही म्हणून काय झाले?”

प्रश्न अगदीच अवाजवी नव्हता. मी त्यास झँडव्हूर्टची हकीकत सांगितली. २९ जुलै १९७३, हॉलंडमधील ग्रां प्री शर्यत. रॉजर विल्यमसन या पंचवीस वर्षांच्या इंग्रज तरुणाची गाडी उलटली व पेटली. तो खाली अडकला. मार्शल होते, परंतु आगीत शिरता येईल असे कपडे त्यांच्या अंगी नव्हते. तेव्हा दुसऱ्याच गाडीचा चालक, डेव्हिड पर्ली, आपली शर्यत सोडून रस्ता ओलांडून धावत आला. एकट्याने ती उलटी गाडी सरळ करू पाहिली, अग्निशामक नळकांडे घेऊन आला, लोकांना हातवारे करून बोलाविले. शर्यत थांबविण्यात आली नाही. इतर गाड्या शेजारून जात राहिल्या. विल्यमसन वाचला नाही. पर्लीस पुढे जॉर्ज पदक मिळाले. त्या दिवशी एखाद्या स्विचने तो वाचला असता असे मी म्हणत नाही. पेट्रोलने एकदा पेट घेतल्यावर कळ फिरवून ते विझत नाही, कळीचे काम त्याच्या आधीच्या काही क्षणांचे. परंतु मदतीस कोण धावून येईल हे आधी ठरविता येत नाही. बाह्यवळणावर तरी कोण आला? ट्रकचा क्लीनर.

मुलगा बराच वेळ बोलला नाही. मग स्वतःच नखाने स्टिकरचा कोपरा उचकटू लागला. तो नीट निघेना, फाटला. दुकानदाराकडे जाऊन दुसरा आणला व तो दारावर लावला. फोटोत तेही येते. खांबाच्या पायथ्याचा पत्रा घासून पुन्हा पांढरा रंगविला व त्यावर एकटाच निळा त्रिकोण. चहाच्या पोरास मात्र या खेपेस बोलाविण्यात अर्थ नव्हता. त्यास आता जागा ठाऊक झाली होती. म्हणून सकाळी दूध घालावयास येणाऱ्या बाईंना थांबविले. त्यांनी आधी विचारले की गाडीस काही झाले तर भरपाई कोण देणार. कोणी मागणार नाही अशी माझी हमी घेऊन त्यांनी कॅन खाली ठेवली, गाडीस अर्धा वळसा घातला, त्रिकोणाशी थबकल्या, कडे धरून ओढले. इंजिन थांबले. सहा सेकंद. “एवढंच?” असे म्हणून त्या कॅन उचलून चालू लागल्या.

शर्यतीच्या दोन दिवस आधी मारुती एका टेंपोवर चढवून मंडळी कोइमतूरास निघाली. तो स्विच शेवटच्या तपासणीत पुन्हा एकदा कसास लागणार होता, कारण तेथील तपासनीस इंजिन चालू ठेवूनच कळ फिरवितात. न थांबल्यास गाडी मार्गावर उतरत नाही, मग टायर कोणीही दिलेले असोत. त्या दिवशी दुपारभर माझे लक्ष कशात लागले नाही. चारच्या सुमारास फोन वाजला. मागे इंजिनांचा इतका गोंगाट होता की प्रथम काही ऐकू येईना.

“फादर,” वायरमन मुलगा ओरडून सांगत होता, “बंद पडली! पहिल्याच फिरवण्यात बंद पडली!”

मी त्याचे अभिनंदन केले. शर्यत कितीची, कोणाकोणाशी, हे विचारावयाचे राहूनच गेले.